तोंडातले खिळे

लोकांना बसायला मऊ जागा करून देण्यात ज्याची अर्धी हयात गेली, त्या सोफेवाल्याच्या स्वतःच्या घरात कित्येक महिने बसायला जागा नव्हती. दिवाणखान्यात सोफा होता, पण तो उघडा. कापड उतरवलेलं, आतला काथ्या पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवलेला आणि स्प्रिंगा छताकडे बघत उभ्या. घरातली तिन्ही माणसं स्टुलांवर बसायची. पाहुणा आला की त्याला एक स्टूल मिळायचं आणि घरातलं एक माणूस उभं राहायचं.

"बाबा, हा कधी होणार?" मिठू विचारायची. मिठू म्हणजे त्याची मुलगी. पाळण्यात असल्यापासून तोंडाला कुलूप नाही म्हणून हे नाव पडलं. आता ती कॉलेजात जायला लागली तरी नाव आणि सवय दोन्ही शाबूत होती.

"कापड यायचंय."

"लोकांची कापडं बरी येतात!"

"त्यांची ऑर्डर आधीची असते," म्हणून तो चहाच्या कपात तोंड घालायचा.

हे साफ खोटं होतं. कापड कधीच आलं होतं. गडद निळं, बायकोनेच पसंत केलेलं, आणि ते त्याच्या दुकानात मागच्या फळीवर कागदात गुंडाळून पडलं होतं. बायकोने विद्यापीठांना अर्ज पाठवले त्याच आठवड्यात त्याने सोफा उघडायला घेतला. स्प्रिंगा कुरकुरतात, असं कारण दिलं. कुरकुरत होत्या, नाही असं नाही. पण त्या आधीची चार-पाच वर्षंही कुरकुरतच होत्या, तेव्हा ह्या गृहस्थाला कधी ऐकू आलं नव्हतं. खरी गोष्ट अशी की, घर असं पसरलेलं टाकून आपली बायको कुठे जाणार नाही, अशी त्याच्या मनाने आपली एक समजूत करून घेतली होती. ती त्याने स्वतःशीसुद्धा कधी उच्चारली नाही. चांगल्या जाणत्या माणसांची मनं असली पोरकट असतात, त्याला इलाज नाही.

बायको एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. तिला ह्या कामाचा मनापासून नाद होता. घरी आल्यावरसुद्धा, आज एक पेशी काय सुंदर दिसली म्हणून सांगू, अशी सुरुवात करायची. सोफेवाल्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण सांगताना तिचा चेहरा उजळायचा तो त्याला आवडायचा, म्हणून तो मान डोलवत ऐकायचा.

तिला पुढे शिकायचं होतं. आजपासून नव्हे, तर लग्नाच्याही आधीपासून. लग्न ठरलं तेव्हा पदव्युत्तर वर्गाचा प्रवेश तिच्या हातात होता. पण ह्याचं दुकान नवीन होतं. ह्यानेच म्हटलं होतं, "पुढच्या वर्षी जा." पुढच्या वर्षी मिठू पोटात होती. त्याच्या पुढे ह्याच्या आईने अंथरूण धरलं. दर खेपेला "पुढच्या वर्षी" म्हणणारा हाच, आणि दर खेपेला खरंच तसं वाटूनच म्हणायचा. मग पुढेपुढे तिने विषय काढणं सोडलं, आणि त्यालाही ते बरं पडलं. अखेर गेल्या वर्षी एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "ह्या वर्षी मी अर्ज करतेय." विचारलं नाही, सांगितलं. मिठूने टाळ्या वाजवल्या. सोफेवाल्याने आणखी एक घास घेतला.

अर्ज तीन ठिकाणी गेले. त्यातलं एक विद्यापीठ बसने जाऊन-येऊन करण्यासारखं होतं. सोफेवाल्याने मनातल्या मनात तेच ठरवून टाकलं होतं. सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळी घरी, काय फरक पडतो? नेमका नकार पहिल्यांदा तिथूनच आला. मग दुसरीकडून. उरलं ते तिसरं, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लांब. रेल्वेत बसलं की रात्रभर प्रवास, आणि दोन वर्षं तिथेच राहायचं. त्या तिसऱ्याने तर कमालच केली. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कळवलं, की तुमचं नाव प्रतीक्षायादीत आहे, कुणी जागा सोडली तर विचार होईल.

"म्हणजे काय?" सोफेवाल्याने विचारलं.

"म्हणजे बसा," बायको म्हणाली.

"बसायला जागा कुठाय?" मिठू म्हणाली आणि तिघंही हसली. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

त्यानंतर घराची जी दशा झाली ती विचारू नये. नकार आला की माणूस रडतं, चिडतं, दोन दिवस नीट जेवत नाही आणि मग कामाला लागतं. पण टांगून ठेवलं की काय करावं? बायको मोबाइल उशाशी घेऊन झोपायची. भाजी चिरताना एक डोळा मोबाइलवर. मिठूने इंटरनेटवर एक जागा शोधून काढली होती, तिथे असेच टांगलेले लोक एकमेकांना बातम्या पुरवायचे. ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची. "आज एकाला बोलावणं आलं! आणि एक म्हणतेय की तिची आई रोज तिला विचारते आणि ती रोज न्हाणीघरात जाऊन रडते."

"सगळी विशी-बाविशीची पोरं असतील," बायको म्हणाली. "मीच एक म्हातारी."

"तू म्हातारी कुठाय? तू तर उमेदवार," मिठू म्हणाली.

मिठूनेच मग घराला नियम घालून दिला, की 'काही आलं का?' हा प्रश्न ह्या घरात कुणीही विचारायचा नाही. सोफेवाल्याने तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. त्याला सोपंच होतं ते. त्याला उत्तर ऐकायचंच नव्हतं.

एकदा मात्र प्रयोगशाळेत घोटाळा होता होता राहिला. बायकोच्या हातात दोन पेशंटच्या दोन काचा होत्या, तेवढ्यात कोटाच्या खिशात मोबाइल थरथरला. कुणीतरी स्वस्त पडदे विकत होतं. पण तिचं लक्ष उडालं आणि एकाच्या काचेवर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागायची ती अगदी थोडक्यात टळली. ती घरी आली तीच पांढरीफटक होऊन.

"माझ्या वाट बघण्यापायी दुसऱ्याला भलताच आजार चिकटला असता," ती म्हणाली. "बास झालं. उद्यापासून हा मोबाइल माझ्यासोबत येणार नाही."

"माझ्याकडे दे!" मिठूने हात पुढे केला.

"तुझ्याकडे नको. तू तासातासाला उघडून बघशील." तिने मोबाइल नवऱ्यापुढे धरला. "तुम्ही ठेवा. काही उघडायचं नाही, बघायचं नाही. फक्त फोन आला तर उचलायचा आणि कोण काय म्हणतंय ते मला सांगायचं. संध्याकाळी मला परत."

सोफेवाल्याने मोबाइल घेतला. त्याच्या मनात पाल चुकचुकली. एवढी माणसं सोडून तिने तो आपल्याकडे का द्यावा, हे त्याला कळेना. मिठूने आपल्या परीने बंदोबस्त केला. विद्यापीठाचा नंबर तिने त्यात 'बाबा उचला' ह्या नावाने घालून ठेवला.

असे बरेच दिवस गेले. रोज सकाळी मोबाइल त्याच्या ॲप्रनच्या खिशात जायचा आणि रोज संध्याकाळी मुकाट्याने परत जायचा.

आता त्याच्या कामाची एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. हल्ली सोफ्याचं कापड पिनांच्या बंदुकीने मारतात, खटखट खटखट, की झालं. हा मात्र जुन्या वळणाचा. त्याच्या हातोडीचं एक तोंड लोहचुंबकाचं होतं. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, हातोडीला चिकटवायचा आणि डाव्या हाताने ताणून धरलेल्या कापडावर ठोकायचा. असं केलं की डावा हात कापडावरून हलत नाही आणि ताण सुटत नाही. त्याचा आणखी एक फायदा होता, तो त्याने कधी कुणाला सांगितला नाही. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, मिठूने काही अडचणीचं विचारलं, बायकोने एखादा जुना विषय काढला, की ह्याचा हात खिळ्यांच्या डब्याकडे जायचा. मग माणूस मूग गिळून बसला असं कोण म्हणणार? बिचारा काम करतोय.

त्या दिवशी दुपारी तो एका वकीलबाईंच्या आरामखुर्चीला पाठ चढवत होता. कापड छान ताणलं गेलं होतं, तोंड भरलेलं होतं आणि बाहेर रस्त्यावर ऊन होतं. खिशातला मोबाइल वाजला. त्याने उजव्या हातातली हातोडी ठेवली आणि मोबाइल बाहेर काढला. पडद्यावर अक्षरं होती, 'बाबा उचला'.

 मोबाइल वाजत होता. खिळे थुंकायला किती वेळ लागतो? आयुष्यभर तो ते करत आला होता. पुढे डबा धरायचा आणि तोंड उघडायचं. डबा हाताशी होता. तो तसाच उभा राहिला. मोबाइल हातात नाचत होता, वाजत होता, आणि त्याला डोळ्यांपुढे रेल्वेची पायरी चढणारी बायको दिसत होती, हातात बॅग, वळून न बघणारी. मग मोबाइल वाजायचा थांबला.

दुकानात एकदम फार शांत झालं. त्याने डावा हात सोडला तसं खुर्चीचं कापड सैल पडलं.

पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. मग, ते हलकं वाटलं म्हणूनच, त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. तिने फक्त एक गोष्ट सांगितली होती, फोन उचला. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे दुसरं मागितलं तरी काय होतं? आणि तेवढंही त्याच्याने झालं नाही. त्याने परत फोन लावून बघावा म्हणून बोट पुढे नेलं, पण त्यांना सांगणार काय, आणि तिच्याआधी त्यांच्याशी आपण बोलायचं हे त्याला बरोबर वाटेना. तो होता तसाच निघाला. ॲप्रन अंगावर, मोजपट्टी गळ्यात, पेन्सिल कानामागे आणि दुकान सताड उघडं.

दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. तो जवळजवळ धावतच गेला. फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं, "कुठे जायचंय?" सोफेवाल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की खिळे अजून तोंडातच आहेत. त्याने घाईघाईने ओठ मिटले आणि गालाला हात लावला.

"दात का?" पहारेकरी कळवळून म्हणाला. "दुसरा मजला, डावीकडे."

सोफेवाल्याने जोरजोरात मान हलवली.

"घाबरू नका हो काका. इंजेक्शन देतात. कळतसुद्धा नाही."

त्याने पहारेकऱ्याला हात जोडले आणि तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेकडे वळला. थुंकावं तर कुठे? दवाखान्याच्या धुतलेल्या फरशीवर खिळे थुंकायचे, हे काही त्याला जमेना. शिवाय डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं?

रिपोर्ट द्यायच्या खिडकीतून बायकोने त्याला पाहिलं आणि ती ताडकन उठली. पांढऱ्या कोटातच बाहेर आली.

"काय झालं? मिठूला काही झालं का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग बोला ना! तोंडात काय..." आणि तिला कळलं. बायकोच ती. तिने खिडकीतून आत हात घालून टेबलावरची एक स्वच्छ काचेची बशी उचलली आणि लहान मुलापुढे धरावी तशी त्याच्या हनुवटीखाली धरली. "काढा."

त्याने खिळे काढले. बशीत टिण टिण आवाज होत गेला. रांगेतली दोन-तीन माणसं मान वळवून बघत राहिली.

"रस्त्याने धावत आलात? तोंडात हे घेऊन?" तिचा आवाज चढला. "एखादा गिळला असता म्हणजे? ह्या खोलीत आजवर तऱ्हेतऱ्हेचे नमुने आले, पण हा पहिलाच!"

"फोन आला होता," तो म्हणाला. "विद्यापीठाचा. मी उचलला नाही."

तिने बशी खिडकीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "तोंडात खिळे होते म्हणून?"

तिनेच वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण तोंड रिकामं होतं आणि हाताशी डबा नव्हता.

"खिळे होते," तो म्हणाला. "पण त्याच्यामुळे नाही. मला उचलायचा नव्हता. तू जाऊ नयेस असं वाटलं. वाजत होता तोवर वाटलं. थांबल्यावर नाही वाटलं. पण तोवर तो थांबला होता."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. राग होता, नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. तिने त्याच्या हातातून मोबाइल घेतला, कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "बसा तिथे. एक काच अर्धी राहिलीय. ती झाल्याशिवाय मी उठणार नाही. तिचीही कुणीतरी वाट बघतंय."

आणि ती आत गेली.

बाहेर एक लांब बाक होतं. सोफेवाला त्यावर टेकला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ हातात पावतीची सुरळी करून बसले होते.

"कुणाचा रिपोर्ट?" त्यांनी विचारलं.

"बायकोचा," सोफेवाला म्हणाला.

"माझंही तेच," ते म्हणाले. "आज देतो म्हणाले होते. आज म्हणजे कधी, ते नाही सांगत."

सोफेवाल्याचा हात सवयीने बाकाच्या रेक्झिनवरून फिरला. फोम बसलेला होता, शिवणी उसवलेल्या होत्या. आणि बसणाऱ्याचा हात सहज पडेल अशा जागी रेक्झिनला ओळीने भोकं पडली होती. उंदरांची नव्हेत. इथे बसून वाट बघणाऱ्या माणसांनी बोटं घालघालून पाडलेली. म्हाताऱ्यांचं बोट त्यातल्या एकात होतं. सोफेवाल्याने खाली बघितलं, तर त्याचंही बोट नकळत दुसऱ्यात गेलं होतं. त्याने ते काढलं नाही. इतके महिने ती रोज हे सोसत होती, आणि आपण घरातला सोफा उघडा टाकून तिच्या शेजारी स्टुलावर बसलो होतो, चहा पीत. 

बायको बाहेर आली तेव्हा तिने कोट काढून ठेवला होता. तिने आधी म्हाताऱ्यांच्या हातात एक पाकीट दिलं. "आजोबा, सगळं चांगलं आहे हो. वर डॉक्टरांना दाखवा, पण चांगलं आहे." म्हातारे उठले, पाकीट छातीशी धरलं आणि मान हलवत जिन्याकडे गेले. ती नवऱ्याशेजारी बसली.

"मोबाइल तुमच्याकडे का दिला, माहितीये?"

"नाही."

"मिठूने फोन उचलून माझ्याआधीच आरडाओरडा केला असता. तुम्ही तसले नाही. आणि मला माहीत होतं, की मी जायला सगळ्यांत जास्त कोण भितंय. कापड कधीचं आलंय तेही मला माहितीये. मागच्या फळीवर आहे. मी आंधळी नाही."

सोफेवाल्याने खाली मान घातली.

"तरी तुमच्याकडेच दिला," ती म्हणाली. "म्हटलं, बरी बातमी असो की वाईट, हा माणूस मला येऊन सांगेल. उशीर करेल, पण सांगेल. तेवढं मी ओळखून आहे तुम्हाला."

"उशीर तर आयुष्यभर केला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत."

"तो दोघांनी मिळून केला. आता गप्प बसा जरा, मला फोन लावू द्या."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा कुणीतरी दुसऱ्या विभागाला जोडून दिलं, त्यांनी तिसऱ्याला. ती कानाला मोबाइल दाबून बसली होती आणि दुसऱ्या हाताने, तिच्याही नकळत, रेक्झिनच्या एका भोकात बोट घालत होती. सोफेवाला जिवाचा कान करून ऐकत होता.

"हो, बोलतेय," ती म्हणाली. "हो, मघाशी घेता आला नाही. हो. अच्छा. म्हणजे जागा... हो. हो. नाही, चालेल. संध्याकाळपर्यंत कशाला? हो. एक मिनिट हं."

तिने मोबाइल कानापासून दूर केला आणि नवऱ्याकडे बघितलं. डोळे मोठे झाले होते, ओठ घट्ट मिटलेले होते.

सोफेवाल्याला कळलं. कुणीतरी जागा सोडली होती, आणि संध्याकाळच्या आत उत्तर हवं होतं. ती त्याच्याकडे बघत होती. इतकं सगळं होऊनही ती आपल्याला विचारतेय, असं त्याला वाटलं.  मघाशी रिकामं झालेलं तोंड त्याने उघडलं आणि स्पष्ट, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "हो म्हणून सांग. तू जा. घरचं मी बघतो. जा तू."

"ते केव्हाच सांगितलं!" बायको दबक्या आवाजात म्हणाली. "पेन्सिल द्या. कानामागची. तारीख सांगतायत."

त्याने पेन्सिल दिली. कागद कुठेच नव्हता, म्हणून तिने त्याच्या ॲप्रनचं टोक ओढून मांडीवर घेतलं आणि हजर व्हायची तारीख त्यावर लिहिली, मग खाली लागणाऱ्या कागदपत्रांची नावं, अगदी खिशापर्यंत. तो वाकून, अंग चोरून, तिला लिहिता येईल असा बसून राहिला. फोन ठेवल्यावर तिने ॲप्रन सोडला नाही. त्यातच तोंड खुपसलं आणि रडली. सोफेवाल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याला आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण त्याला स्वतःलाही ते खरं वाटेना. पोटातला गोळा होता तिथेच होता, तो काही हलला नव्हता. पण त्याच्या शेजारीच हा आनंदही येऊन बसला होता, आणि दोघं एकमेकांना काही म्हणत नव्हते.

संध्याकाळी मिठूने बातमी ऐकली आणि जो आरडाओरडा केला त्याने खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. ती पेढ्यांऐवजी साखर खाऊन गेली, उभ्याउभ्याच, कारण स्टुलं पुरली नाहीत. सगळे गेल्यावर सोफेवाला दुकानात जाऊन फळीवरचं कापड घेऊन आला. कागद सोडला तेव्हा मिठूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईने तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मिठू न बोलता राहिली.

काथ्या परत भरला गेला, त्यावर फोम आला. कापड अंथरलं तेव्हा त्याने दोघींना दोन टोकांना बसवलं. "ताणून धरा. सैल सोडायचं नाही, पण ओढायचंही नाही फार. नुसतं ताणलेलं राहायला हवं." मग त्याने सवयीने डब्यातून मूठभर खिळे घेतले आणि तोंडाकडे नेले.

बायकोने हात पुढे केला. "इकडे द्या."

"अगं, असं जमत नाही मला. हात मोकळा राहत नाही."

"मी देते एकेक. आज बोलत बोलत ठोका."

त्याने खिळे तिच्या तळहातावर ठेवले. पहिला खिळा तिने दिला, त्याने ठोकला. दुसरा दिला. बोलायचं तर काय बोलायचं, हे त्याला सुचेना. इतक्या वर्षांचं तोंड, ते असं एकदम कसं सुटणार? तो मान खाली घालून ठोकत राहिला. एक बाजू झाली. मिठू कापड धरून एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती.

"तिकडे खोली मिळणार ना?" त्याने शेवटी विचारलं.

"वसतिगृहात. पलंग, टेबल आणि खुर्ची देतात म्हणे."

"खुर्ची कसली?"

"मला काय माहीत? लाकडी असेल साधी."

"बैठक नसेल तिला. नुसती फळी." त्याने हातोडी खाली ठेवली. "तासन्‌तास बसून वाचायचं, आणि फळीवर? तुझी कंबर आधीच दुखते." त्याने गळ्यातली मोजपट्टी काढली आणि खिळ्यांनी भरलेल्या तिच्या ओंजळीत, खिळ्यांवरच, ठेवली. "ही ने बरोबर. पोचलीस की आधी खुर्चीचं माप घे. लांबी, रुंदी, आणि मागे दांड्या कुठे आहेत ते. मला कळव. मी गादी करून पाठवतो."

 बायकोची ओंजळ भरलेली होती, म्हणून डोळेही पुसता येईनात.

"बाबा," मिठू म्हणाली, "कापड सैल पडतंय."

"पडू दे," सोफेवाला म्हणाला. "परत ताणू."